मागितल्याशिवाय वीज नाही

घरातला पहिला पदवीधर म्हणून मला सगळ्यांचे आभार मानायची सवय होती. शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे, गावच्या गणिताच्या सरांचे, आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत मला निवडणाऱ्या आमच्या गटप्रमुखांचे तर रोजच. ते पुण्याचे. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी सांगितलं, बाजार समितीत हातगाडी ओढतात. "व्हेरी गुड," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही लढाऊ विमानाचा सिम्युलेटर बनवत होतो. खऱ्यासारखं कॉकपिट, समोर पडदा, मागे संगणकांची कपाटं. रडार, क्षेपणास्त्रं अशी कामं बाकीच्यांना मिळाली. माझ्या वाट्याला आली ग्राउंड पॉवर. विमान उभं असताना इंजिन बंद असतं, तेव्हा वीज येते ती शेजारी आणून लावलेल्या ट्रॉलीतून, जाड केबलने. वैमानिक हेडफोनवरून खालच्या माणसाकडे ती मागतो, मग तो जोडतो. विमानात बॅटरी असते, पण सगळी यंत्रं तिच्यावर टाकली की ती लवकर मान टाकते. आमच्याकडे तो खालचा माणूस म्हणजे मागच्या टेबलाशी हेडफोन लावून बसलेला मी.

काम मी मनापासून केलं. माझी बॅटरी अगदी खऱ्यासारखी उतरायची.

एकदा कँटीनमध्ये भरल्या टेबलावर आमचे गटप्रमुख सर म्हणाले, "याला ट्रॉली दिली ते बरोबर ना? गाडी ओढणं रक्तातच आहे याच्या!" सगळे हसले. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही हसले. मीही हसलो, कारण ते सर होते. त्या दिवसापासून माझं नाव पडलं ट्रॉलीवाला. "ए ट्रॉलीवाल्या, जरा झेरॉक्स काढून आण." इडलीचा घास गिळता गिळता मी एकच ठरवलं होतं. हा माणूस माझ्याकडे वीज मागेल. मोठ्याने, आणि ज्यांच्यासमोर त्याला मिरवायचं असेल त्यांच्याच समोर.

प्रात्यक्षिकाला कॉकपिटमध्ये नेहमी सरच बसत. त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून मी ट्रॉली आधीच जोडून ठेवायचो. त्यामुळे ती मागायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग एक दिवस हवाई दलाचे अधिकारी आले. त्यांच्यातले मोठे साहेब, पांढऱ्या मिशांचे, म्हणाले, "शुरू से दिखाइए, जैसा असल में होता है."

"ऑफ कोर्स," सर म्हणाले आणि चढून बसले.

मी ट्रॉली जोडली नाही. साहेबांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं, आणि सुरुवात हीच होती.

सरांनी बॅटरी चालू केली, मग एकेक करत सगळी बटणं दाबली आणि भाषण सुरू केलं. विमानाच्या दिशादर्शक यंत्राला जुळून यायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात त्यांना आमच्या गटाची थोरवी सांगून घ्यायची होती. माझ्या पडद्यावर बॅटरीचा काटा खाली सरकत होता. आयुष्यात कुठल्याही गोष्टीकडे मी इतक्या प्रेमाने पाहिलेलं नाही.

आधी दिवे मंदावले, मग कॉकपिटमधले पडदे गेले. सर अर्ध्या वाक्यात थांबले. वळून त्यांनी मला हाताने खूण केली. मी नम्रपणे त्यांच्याकडे बघत राहिलो.

"अरे, काय झालं?" हेडफोनवरचं बोलणं स्पीकरवर सगळ्यांना ऐकू जात होतं.

"बॅटरी संपली, सर."

"मग दे ना!"

"काय देऊ, सर?"

साहेबांना मराठी किती कळलं कोण जाणे, पण प्रकार कळला. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "माँगिए उनसे, माँगिए. हमें भी माँगनी पड़ती है!"

सरांचे कान लाल झालेले मला मागूनसुद्धा दिसत होते. ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, सर." मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"ग्राउंड पॉवर. प्लीज."

"कनेक्टेड, सर."

दिवे आले. दिशादर्शक यंत्र मात्र पुन्हा पहिल्यापासून जुळायला लागलं आणि तेवढा वेळ सरांकडे बोलायला काही उरलं नव्हतं. मी खुर्चीला पाठ टेकवून बसलो.

पाहुणे गेल्यावर सरांनी मला पॅसेजमध्ये गाठलं. "मुद्दाम केलंस."

"हो, सर."

मी नाकारेन अशी त्यांची अपेक्षा असावी. "तुला इथे मी घेतलं. विसरलास?"

"नाही, सर. त्याबद्दल आभारीच आहे." आणि ते खरं होतं. दोन्ही खरं होतं.

लवकरच माझी बदली पलीकडच्या इमारतीत झाली, वायरी तपासायच्या कंटाळवाण्या कामावर. तिथे एकदा जुन्या गटातला एक जण चहाला भेटला. म्हणाला, "सर हल्ली प्रात्यक्षिकाआधी नव्या माणसाला विचारतात, ट्रॉली जोडलीस ना? मग आत चढतात, आणि बसल्यावर परत विचारतात."

मी त्याला आणखी एक चहा पाजला आणि म्हटलं, पुन्हा सांग.