कोल्हारच्या दुकानातला डेटा

कोल्हारच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानातून मला सारखे फोन यायचे. मी राहुरीत राहतो आणि आसपासच्या दुकानांमधली अकाउंटिंगची सॉफ्टवेअरं दुरुस्त करत फिरतो. त्या दुकानात सगळा डेटा आतल्या खोलीतल्या मेन कॉम्प्युटरवर होता आणि काउंटरवरचे दोन कॉम्प्युटर त्याला वायरने जोडलेले होते. काउंटरला इन्व्हर्टर होता, मेनला नव्हता. लाईट गेली की मेन बंद पडायचा आणि काउंटरवर चाललेलं बिल अर्धवट लटकायचं. अशानंच डेटा बिघडतो. मेनला इन्व्हर्टरची लाईन ओढून घ्या, असं मी मालकांना प्रत्येक खेपेला सांगायचो.

"बघू," ते म्हणायचे.

हिशेब पाहणाऱ्या मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पूर्वी सगळं हाताने लिहायच्या. कॉम्प्युटर याच दुकानात, चुकतमाकत शिकल्या होत्या.

ऐन खताच्या हंगामात एका दुपारी सॉफ्टवेअर उघडेचना. मी गेलो. दुरुस्तीचा प्रोग्राम लावला, तो निम्म्यावर येऊन अडकायचा. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच.

"काळजी करू नका," मॅडम म्हणाल्या. "रोज संध्याकाळी बॅकअप घेते मी."

त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढून दिला. मी तो उघडून पाहिला. त्यात डेटा नव्हता. मेनवरच्या फोल्डरचा नुसता शॉर्टकट होता, म्हणजे तो फोल्डर उघडून देणारं चिन्ह. माझ्या आधीच्या माणसाने त्यांना तेच चिन्ह उचलून पेनड्राइव्हवर टाकायला शिकवलं होतं आणि त्या ते न चुकता करत आल्या होत्या.

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कधीच काही गेलं नाही यात?"

"नाही, मॅडम."

मालक मागे येऊन उभे होते. "मॅडमनीच काय तरी दाबलं आसंल."

"नाही मालक, लाईट गेली म्हणून फाईल फुटली. यांचा काही संबंध नाही."

"आसं व्हय," ते म्हणाले, पण बघत होते मॅडमकडेच.

फाईल मी सॉफ्टवेअरवाल्यांकडे पाठवली. तिथूनही नकारच आला. मग मॅडम छापील बिलांचे गठ्ठे घेऊन बसल्या आणि सगळं पहिल्यापासून चढवू लागल्या. बॅकअप आता मी नीट लावून दिला होता. काही आठवड्यांनी पुन्हा लाईट गेली, पुन्हा डेटा बिघडला. या वेळी बुडालं ते सकाळपासूनचंच काम, पण मॅडम त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि पर्स उचलून उठल्या.

"माझ्यानं आता नाही होणार," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मालकांनी मेनला लाईन ओढून घेतली. त्यानंतर एकदाही काही बिघडलं नाही. माझ्यासमोरच ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "मॅडम गेल्या आन् कॉम्प्युटर सुधारला बघा." लाईनमुळं सुधारला, असं मी म्हणालो. ते नुसते हसले.

मी मॅडमना फोन केला. चूक तुमची नव्हती, असं सांगितलं.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हे त्यांना सांगा ना."

सांगितलंय, असं म्हणायचं होतं मला. म्हणवलं नाही.