गौरूमावशीची विहीर

बाजारात मुळ्याच्या ओल्या पाल्याचा वास आला आणि मी थेट साठ-सत्तरच्या दशकातल्या बोरिवलीत जाऊन पडलो. आमच्या वाडीतले मुळे एवढे लांब, की उपटले की ठाण्यात जमीन हलायची! सगळ्या वाड्यांना विहीर मात्र एकच. पाणी कुणाच्या वाफ्यात कधी सोडायचं ते गौरूमावशी ठरवायची आणि त्याबद्दल प्रत्येकजण पहिल्या तोडणीची टोपलीभर भाजी तिला द्यायचा. एकट्या बाईचं घर त्यावरच चालायचं.

एका उन्हाळ्यात पालिकेचे साहेब आले. "पंप बसवू, मीटर लावू. जेवढं पाणी तेवढे पैसे. मावशीची गरजच नाही."

मावशीने पदर तोंडाला लावला. सगळ्यांनी शेजारच्या वाडीतल्या जानूभाऊकडे पाहिलं. हा तिच्याशी रोज असा भांडायचा, की तिकडे आरे डेअरीच्या म्हशी आटायच्या.

जानूभाऊ उठला. "साहेब, परवा माझी मिरची माना टाकत होती. हिच्या दारात बोंबललो, तर हिने स्वतःच्या परसातल्या चार वांग्यांचं पाणी मला सोडलं. मीटरपुढे बोंबललो तर तो सोडेल?"

"मेल्या, माझी टोपली कुठाय?" डोळे पुसत मावशी ओरडली.

साहेब मीटर घेऊन परत गेले.

आता त्या विहिरीवर टॉवर आहे, त्यात माझा फ्लॅट, नळाला मीटर. परवा पाणी गेलं, तेव्हा मी मीटरपुढे उभं राहून बोंबलून पाहिलं. अख्खा टॉवर जागा झाला, मीटर मात्र ढिम्म.