तिसरं टिंब

मिस्त्रीची एक पद्धत होती. इंजिन उघडून झिजलेल्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, कापून वाढवला की इंजिनाच्या ब्लॉकच्या कडेला पंचाच्या पोलादी टोकाने एक टिंब ठोकायचं. पहिला बोअर, एक टिंब. दुसरा, दोन. तिसऱ्यानंतर लोखंडाची भिंत इतकी पातळ होते की पुढे बोअर नाही आणि आत लायनरची नळी बसवायलाही जागा नाही. तीन टिंबं दिसली की ब्लॉक सरळ भंगारात. कागद हरवतात, माणसं विसरतात, लोखंड विसरत नाही, असं तो म्हणायचा. आसपासच्या चार गॅरेजांतही मिस्त्रीचं टिंब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

त्याच्या लेकीला ही टिंबं अक्षरांच्या आधी आली. लहानपणी ती गॅरेजात ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून ओळीने ठेवलेले ब्लॉक मोजायची. हा तरणा, हा मधला, हा म्हातारा. आता ती स्वतः चाळिशीला टेकली होती, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होती, आणि ती व्हॅन निळा धूर ओकत गॅरेजच्या दारात उभी होती. दर तिसऱ्या दिवशी लिटरभर ऑइल प्यायची आणि चढावर रडायची. शाळेला आठ दिवसांची सुट्टी लागली होती. इंजिन बांधायचं की बदलायचं, जे काय ते आठ दिवसांत उरकायला हवं होतं.

इंजिन खाली उतरलं तशी लेकीने बाह्या सरसावल्या आणि चिंधीने ब्लॉकची कड पुसली. दोन टिंबं.

"अजून एक बोअर निघतोय बाबा," ती म्हणाली. "बांधून टाका. मला दुसऱ्याचं इंजिन नको."

मिस्त्री "बघू" म्हणाला आणि चौदाचा पाना शोधायला लागला. फळीवर बघितलं, पेटीत बघितलं, गाडीखाली वाकून बघितलं. पाना हातातच होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं लेक हसत म्हणाली. मिस्त्रीला हसू आलं नाही, कारण त्या ब्लॉकचे तिन्ही बोअर होऊन गेले होते आणि हे जगात त्याला एकट्याला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जावई वारला, आणि दोन महिन्यांत लेकीने त्याची व्हॅन हातात घेतली. घेतली आणि पंधरा दिवसांत इंजिन जाम झालं. मिस्त्रीने ते उघडलं, नेहमीचा लेथवाला गावाला गेला होता म्हणून परगावाहून तिसरा बोअर मारून आणला, नवे पिस्टन घातले आणि रिवाजाप्रमाणे पंच उचलला. तिथे त्याचा हात थांबला. तेव्हा लेकीची अवस्था अशी होती की स्वयंपाकघरात वाटी पडली तरी दचकायची. तीन टिंबं बघितली असती तर गाडी विकते म्हणाली असती आणि पुन्हा घरात कोंडून घेतलं असतं. दोनतीन वर्षं निघतील, मग सांगू, असं म्हणून त्याने पंच पेटीत टाकला. खोटं सांगायचं नाही म्हणून हेही सांगायला हवं, की आपल्या हातच्या इंजिनाला आपणच संपलं म्हणणं त्याच्या जिवावर आलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. खरं ठोकलं नव्हतं, एवढंच.

आता तेच अंगाशी आलं होतं. पहिल्या दिवशी त्याने लेकीला आडून आडून सुचवून पाहिलं, की बदललेलं बरं, भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचं बरं इंजिन मिळतं, दोन दिवसांत बसेल. लेक ऐकेना. ते इंजिन कुणी कसं पळवलं, कुणी पाणी न घालता तापवलं, कुणाला ठाऊक, असं तिचं म्हणणं. आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. हेच तर मिस्त्री जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता.

"एकवीस लेकरं बसतात माझ्या मागे," ती म्हणाली. "त्यांच्या आया विचारतात, गाडी धड आहे ना? मी सांगते, माझ्या वडिलांनी इंजिन बांधलंय. मग कुणी पुढे विचारत नाही." आणि जरा थांबून हळूच, "दमलात का बाबा? दमला असाल तर सांगा. सामान मी धुते, तुम्ही नुसतं बसवा."

मिस्त्री नळावर गेला आणि तहान नसताना दोन पेले पाणी प्यायला.

दुपारी घरी जेवायला बसला खरा. ताट सरकवलं, उठला, दाराची कडी बघून आला, बसला, पुन्हा उठला. बायको म्हणाली, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का? इंजिन तिचं बिघडलंय, तुम्ही का गरम झालात?" चाळीस वर्षांच्या संसारात तिला टोमणा मारायला कारण लागत नव्हतं, पण या वेळी ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मिस्त्रीने चपला घातल्या आणि जेवण अर्धं टाकून गॅरेजात परतला. तिथे लेक डिझेलच्या पातेल्यात पिस्टन धूत बसली होती. ते बघवेना, म्हणून तो ब्लॉक हातगाडीवर घालून लेथवाल्याकडे गेला.

बोअर मारून देणारा हा लेथवाला त्याचा तीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याने मापाचा गेज आत घातला, फिरवला, काढला, पुन्हा घातला. मग चष्म्यावरून वर पाहिलं.

"हा तर तिसरा झालाय."

"माहीत आहे."

"टिंबं दोनच आहेत."

"माहीत आहे."

लेथवाल्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. दोस्ताची इज्जत हा त्याच्याही इज्जतीचाच प्रश्न होता. शेवटी तो म्हणाला, की अजून एक घास घेता येईल. भिंत अगदीच पातळ होईल, पण राहील. पोरगी गाडी सांभाळून चालवते, तापवत नाही. एखादं वर्ष सहज निघेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मिस्त्रीने मान हलवली. नक्की कशाला हलवली ते त्यालाही कळलं नाही, पण लेथवाल्याने होकार धरला आणि ब्लॉक मशीनवर चढवला. बोल्ट आवळले. बटण दाबलं. मोटर घुमायला लागली तसा मिस्त्री दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दारापर्यंत गेला. त्याच्या डोळ्यांसमोर शाळेकडचा उतार आला. भर उतारावर ती पातळ भिंत फुटणार, पाणी ऑइलमध्ये जाणार, इंजिन जागच्या जागी जाम होणार. मागून ट्रक येत असणार. आणि लेक आरशात बघणार तर मागे एकवीस तोंडं. हत्यार लोखंडाला लागायला बोटभर अंतर उरलं होतं. मिस्त्रीने हात लांब करून बटण बंद केलं.

"नको."

"मग तिला सांगावं लागेल," लेथवाला म्हणाला.

"सांगतो."

गॅरेजात आल्यावर त्याने ब्लॉक टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. उभ्या उभ्या, लेकीकडे न बघता, दोन वाक्यांत. मग पेटीतून पंच आणि हातोडी काढली. लेकीने त्याच्या हातातून पंच काढून घेतला.

"आता ठोकून काय करायचंय बाबा? भंगारातच जायचंय ते."

मिस्त्री घाईघाईने बोलायला लागला. तिसऱ्या बोअरला काही धोका नव्हता, नियमातलंच होतं, तू एक दिवसही वाईट गाडी चालवली नाहीस. लेकीने ते मध्येच तोडलं. तीनपर्यंत चालतं हे तिला माहीत होतं, त्यानेच शिकवलं होतं.

"मी दुसरंच विचारते," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही लेथवर कशाला गेला होतात?"

इथे त्याला सोपं उत्तर होतं. मापायला गेलो होतो, म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. लेथवाल्याने जन्मात तोंड उघडलं नसतं.

"बोअर मारायला," मिस्त्री म्हणाला. "मशीनवर चढवला होता. मग बंद केलं."

डिझेलने भरलेले हात लेकीने चिंधीला पुसले, एकेक बोट वेगळं करून. मिस्त्रीला वाटलं, आता ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्याशा मुलाची आई होती. सुट्टीनंतर गाडी चालू होईल ना, असं विचारत होती.

"होईल," लेक म्हणाली. "नाही, बांधत नाही. इंजिन बदलतेय. हो, वडीलच म्हणाले. त्यांनीच थांबवलं."

फोन ठेवून तिने पिस्टनचं पातेलं उचललं आणि डिझेल गाळायला डब्यात ओतलं. मिस्त्रीला तिच्या शेवटच्या शब्दांनी गहिवरून आलं. तो काहीतरी बोलायला पुढे झाला, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"उद्या भंगारवाल्याकडे दोघं जाऊ. इंजिन तिथेच उघडायचं, माझ्यासमोर. आणि गेज मी लावणार."

चाळीस वर्षांत मिस्त्रीचं माप पडताळायला दुसऱ्या कुणी गेज मागितला नव्हता. परक्याने असं म्हटलं असतं तर त्याने त्याला गाडीसकट बाहेर काढलं असतं. त्याने लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती उद्याही त्याला बाबाच म्हणणार होती, चहा आणणार होती, दमलात का विचारणार होती. फक्त यापुढे त्याने बांधलंय म्हणून ती डोळे मिटून चालवणार नव्हती. मिस्त्रीने फळीवरून गेजची डबी काढली, धोतराच्या तुकड्याने पुसली आणि तिच्या हातात दिली.