सलीमभाईंचा स्पीड

एका खोलीत दहा कॉम्प्युटर आणि दहा तज्ज्ञ बसले, की किस्से आपोआप साठतात. लातुरातल्या आमच्या सलीमभाईंच्या गेमिंग कॅफेतले तर मी कितीदा सांगितले तरी संपत नाहीत.

भाईंकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध. गेम अडकतो? सिक्युरिटी बंद! अँटिव्हायरस, फायरवॉल, मेमरी इंटिग्रिटी, जे जे राखण करतं ते ते बंद. "पहारेकऱ्यालाच खाऊ घातलं, तर गेम काय खाईल?" गेम खरंच थोडा पळायचा, म्हणून आम्हीही माना डोलवायचो.

*

शिरूर अनंतपाळचा महेश डॉक्टर व्हायच्या क्लाससाठी लातुरात आलेला. त्याने रूमवरच्या कॉम्प्युटरवर हाच प्रयोग केला. वडील भेटायला आले, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात सिक्युरिटी बंद असल्याची खूण: लाल गोळ्यात पांढरी फुली!

"हे काय हाय रे?"

"मेडिकलचं सॉफ्टवेअर हाय, बाबा."

वडिलांनी चप्पल काढून स्क्रीनला हात जोडले! महेश दोन दिवस गेम खेळला नाही.

*

भाईंचे अब्बा भूकंपातून वाचलेले. त्या पहाटे घराची कडी अडकली होती. तेव्हापासून त्यांनी कडी लावणं सोडलं. कॅफेच्या दाराची तर कापूनच टाकली. नव्या गिऱ्हाइकाला ते आधी दार दाखवायचे, मग कॉम्प्युटर.

"जमीन हिली तो पहले भागो, बाद में पूछो!"

त्यांचा चेहरा पाहून कुणाला हसू यायचं नाही. आम्हाला तर ते पाठच झालं होतं.

*

मग सामना खेळायला नांदेडची टीम आली. अट एकच: हरणाऱ्याने महिनाभर स्वतःच्या दारावर दुसऱ्या गावाला 'उस्ताद' म्हणणारा बोर्ड लावायचा. आधी दोनदा आम्हीच लावला होता. भाईंना तिसऱ्यांदा तो बघवणार नव्हता.

रविवारी दुपारी गेम सुरू केला, तर उघडेना! स्क्रीनवर सूचना: सिक्युरिटी बंद आहे, आधी चालू करा.

"भाई, पहारेकरी हाकलला, अन् आता शोधून राहिले का?" नांदेडची कॅप्टन रुबिना म्हणाली.

भाईंनी निमूटपणे सगळं चालू केलं. कॉम्प्युटर रिस्टार्ट झाले, गेम उघडला. "आता स्पीड न्हाई मिळणार," भाई कुरकुरले. तरी बरोबरी झाली! शेवटचा डाव. रुबिना भाईंच्या नेमात आलेली, फक्त बटण दाबायचं बाकी.

आणि छत गडगडलं.

"भागो!" अब्बा ओरडले.

तीन सेकंदांत भाई, महेश, मी, आमची अख्खी टीम रस्त्यावर!

जिन्यावरून पोरंच पोरं उतरत होती. वरच्या मजल्यावर त्याच दिवशी नवा क्लास सुरू झाला होता, आणि पहिली बॅच सुटताना तीनशे पोरांनी एकदम बाक सरकवले होते.

आत नांदेडवाले हेडफोन लावून शांत बसलेले. रुबिनाने सावकाश शेवटची गोळी झाडली, हेडफोन काढला आणि दारात आली.

"स्पीड तर लई हाय की, भाई! कॉम्प्युटरमधी कशाला शोधून राहिले?"