धारूरच्या घाटातले पाणी

ही हकीकत सांगायची मी तीस-पस्तीस वर्षे टाळली. टाळली म्हणणेही खरे नाही, कारण शंभरदा सांगितली आणि दर वेळी खोटी सांगितली. देवळाच्या ओवरीत सांगितली, दुकानाच्या ओट्यावर सांगितली, पुण्या-नगरकडचे यात्रेकरू मुद्दाम विचारत आले तेव्हा डोळे पुसत सांगितली. घाटात देवी लमाणिणीच्या रूपाने आली आणि तिने माझ्या मरत्या आईला पाणी पाजले, अशी ती हकीकत. ऐकणारे हात जोडत आणि माझ्या पोटात आग पडे. ती आग मी भक्तीची म्हणून खपवली. आता सत्तरी उलटली आहे आणि राग आवरत नाही. पहिला राग माझा माझ्यावर. दुसरा, ज्यांना ही गोष्ट गोड लागली आणि ज्यांनी एकदाही विचारले नाही की ती बाई पुढे कुठे गेली, त्या सगळ्यांवर. वाचून कोणाला वाईट वाटले तर वाटू दे.

आमचे धारूरला किराण्याचे दुकान होते. तेलगावकडून घाट चढून आलेला माणूस पहिल्यांदा आमच्याच ओट्यावर टेकायचा. अंबेजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या आणि पुण्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवता, त्यामुळे इंग्रजी मुलखातून कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्यांनी येत. आमच्या निजामाच्या मुलखाला ते मोगलाई म्हणत आणि मोगलाईत पाऊल टाकताना जीव मुठीत धरून असत. नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागतात का? नगरचा रुपया इथे चालतो का? अंबेजोगाईला सरकारी कागदात मोमिनाबाद का म्हणतात? पटकीची साथ कोणत्या महिन्यात असते, पाणी उकळून प्यावे का, उर्दू येत नसेल तर जमादाराशी कसे बोलावे? मी मामाकडे नगरला राहून चार बुके शिकलो होतो. मनात आले, हे सगळे एकदा लिहूनच काढावे. ‘मोगलाईत येणाऱ्या यात्रेकरूंस माहिती’ असे नाव देऊन मी एक लहानसे पुस्तक तयार केले. त्यातले निम्मे मला ठाऊक होते. उरलेले निम्मे मी ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ऐकून लिहिले. घाटातल्या पायवाटेवर अर्ध्यात एक विहीर आहे आणि तिला बारमाही पाणी असते, हे त्यातलेच. ती विहीर मी एकदा श्रावणात पाहिली होती. वैशाखात कधी त्या वाटेने गेलोच नव्हतो.

हस्तलिखित घेऊन मी नगरच्या एका छापखान्यात गेलो. मालकांनी पाने चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला. “बाकी ठीक आहे हो, पण यात भय कुठे आहे?”

“कसले भय?”

“अहो, मोगलाईत जायचे म्हणजे माणूस भ्यायला तयारच असतो. कशाला भ्यायचे ते आपण सांगितले नाही, तर पुस्तक कोण घेईल? चोर, ठग, काहीतरी असेलच की तुमच्याकडे!”

आमच्याकडे घाटाच्या पोटात एका झऱ्याजवळ लमाणांचा तांडा होता. त्यांनी कोणाची चोरी केल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. बायका डिंक आणि मोळ्या घेऊन बाजाराला येत, आमच्याच दुकानातून मीठ नेत. तरी मी त्या छापखान्यात, त्यांच्याच टाकाने, उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. ‘धारूरच्या घाटात लमाणांची वस्ती आहे. यात्रेकरूंनी त्यांच्या हातचे पाणी घेऊ नये. पाण्यात गुंगी घालून अंगावरचे दागिने उतरवतात.’ मालक वाचून खूश झाले. “आता झाले पुस्तक,” म्हणाले. मीही खूश झालो. मला त्यांचा राग येतो, पण टाक माझ्या हातात होता.

पुस्तक छापून आले तेव्हा मी ते आईला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. तिला अक्षरओळख नव्हती. मुलाचे नाव छापलेल्या पानावर बोट ठेवून ती रडली आणि मग रोज थोडे थोडे वाचायला लावून तिने अख्खे पुस्तक पाठ केले. ओट्यावर कोणी यात्रेकरू टेकला की आतून तिचा आवाज यायचा, “लमानांचं पानी पिऊ नगा बरं का, माज्या लेकाच्या पुस्तकात हाय.” मी मान खाली घालून तूर मोजत राही.

पुढच्या हिवाळ्यात मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस मी शुद्धीवर नव्हतो. त्यात आईने नवस केला की पोरगा उठला तर बहिणीच्या दारातून, म्हणजे तेलगावहून, जोगाईच्या पायरीपर्यंत अनवाणी चालत येईन. मी उठलो. तिला थांबायचे नव्हते, आणि माझ्या अंगात ताकद भरेपर्यंत वैशाख उजाडला. मावशी म्हणाली की गाडीवाटेने जा, वाटेत वस्त्या आहेत. मी म्हणालो, पायवाट जवळची आहे, निम्मा घाट वाचतो, मध्ये विहीर आहे. मावशीच्या घरी माझे पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलेले होते, त्यामुळे माझ्यापुढे कोणी बोलले नाही. एक तांब्या पाणी घेऊन आम्ही दोघे निघालो.

विहिरीत गाळ होता, तोही भेगाळलेला. तांब्या तोवर संपला होता. आईचे तळवे फोडांनी भरले होते, तरी ती “चल, चल” म्हणत होती. थोड्या वेळाने तिला घाम येणे थांबले. मग ती माझ्या वडिलांशी बोलू लागली. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. एका बोडक्या सागाखाली ती बसली आणि आडवी झाली. तिचे अंग तव्यासारखे तापले होते. आसपास सावली म्हणून नव्हती. त्या वेळी मी देवीला हाक मारली, हे खरे आहे. इतक्या मनापासून मी तिला आधी कधी बोलावले नव्हते आणि नंतरही कधी जमले नाही.

खालच्या अंगाने एक बाई चढून आली. डोक्यावर एकावर एक दोन घागरी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्याला आरसे. वय माझ्याएवढेच असेल. तिने काही न विचारता वरची घागर उतरवली.

“कुटून आलाव?”

“तेलगावहून.”

“ह्या वाटंनं? ह्या दिसांत? आरं, कावळा बी येत न्हाई हिकडं.”

“विहीर आहे असं कळलं होतं.”

“कोन म्हनलं? ज्यानं सांगितलं त्येला आनून बसव हितं, म्हंजी कळंल.” आणि आईच्या डोक्याशी बसून तिने ओंजळ पुढे केली. “पी माय.”

आईने डोळे किलकिले केले. बांगड्या पाहिल्या आणि दात घट्ट आवळले. ओठांवर सांडलेले पाणी तिने हाताने पुसून टाकले. शिवाशिवीची गोष्ट असती तर प्रसंग ओळखून तिने सोडून दिली असती, ती तशीच होती. पण ती पुटपुटली, “नको रं बाबा. लमानीन हाय. गुंगी घालत्यात. तूच वाचलंतंस न्हवं.”

“काय म्हनतीया म्हातारी?” बाईने माझ्याकडे पाहिले. “कसली गुंगी?”

आई, ते मी मनचेच लिहिले, एवढे मला म्हणायचे होते. तेवढ्याने ती प्याली असती. तिचा माझ्यावर माझ्या पुस्तकापेक्षा जास्त विश्वास होता. पण माझे पुस्तक खोटे आहे हे त्या दोघींसमोर एकदम सांगायला माझी जीभ वळेना. आई समोर मरत होती आणि मी माझी अब्रू धरून बसलो होतो. मग मला एक युक्ती सुचली. ती आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी त्या बाईपुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, “आई, डोळे उघड! ही लमाणीण नाही गं. जोगाई आलीय. रूप घेऊन आलीय तुझ्यासाठी!”

बाई चिडली. “मी सोमली हाय, ह्या तांड्याची. देवी कावून व्हईन मी? आदी पाज तिला, मंग नाच.”

पण आईने ऐकले ते माझे. तिचे डोळे भरून आले, तिने हात जोडले आणि सोमलीच्या ओंजळीतून ती प्याली. आधी दोन घोट, मग थांबून पुन्हा. सोमलीने दुसरी घागर तिच्या डोक्यावर रिकामी केली, आपल्या ओढणीचा पदर भिजवून तिच्या कपाळाला बांधला, आणि मला म्हणाली, “बगत काय बसलास? उचल.” आम्ही दोघांनी आईला तांड्यात नेले. ऊन कलेपर्यंत ती तिथे सावलीत पडून होती. हातात सोन्याच्या पाटल्या, गळ्यात पुतळ्यांची माळ. माणसे येत-जात होती, कोणी वाकून पाय चोळत होते, कोणी ताक आणत होते. मी एकदा दागिने डोळ्यांनी तपासले, हेही लिहून ठेवतो. मग त्यांनी आपला बैल दिला आणि आई बैलावर बसून घाट चढली.

निघताना सोमलीने मला बाजूला घेतले. “ती गुंगीचं काय म्हनत हुती?”

“उन्हानं बरळत होती,” मी म्हणालो. म्हणजे तेही आईवर ढकलले.

उरलेली वाट पुन्हा पायी चालून नवस चार दिवसांनी पुरा झाला. जोगाईच्या पायरीवर आई लोळण घेऊन रडली आणि भेटेल त्याला सांगत सुटली. नगरच्या छापखान्याच्या मालकांपर्यंत गोष्ट गेली, त्यांनी ती दुसऱ्या आवृत्तीत घातली, आणि गुंगीच्या ओळीही तशाच ठेवल्या. मी मुद्रिते तपासली होती. दोन-तीन वर्षांत यात्रेकरू घाटातला झरा शोधत येऊ लागले. कोणी दगडाला शेंदूर लावला, कोणी पत्रा टाकला. मग गावातल्या चार प्रतिष्ठितांनी आमच्याच ओट्यावर बैठक घेतली. देवीने पाणी पाजले ते ठिकाण, तिथे लमाणांनी घागरी बुडवाव्यात का? शिवाय यात्रेकरूंना त्यांची भीती वाटते, पुस्तकातच लिहिले आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “स्थान देवीचे आहे.” एवढेच म्हणालो, आणि पानाचे तबक पुढे केले. आठवड्याभरात शिपाई घाटात जाऊन धडकले आणि तांडा उठला. जिने पाणी दिले तिचे पाणी आम्ही तोडले, आणि वर देवीच्या नावाने आरती लावली.

लोक मला विचारतात, तुम्ही देवीला इतके मानता, मग हा राग कसला? मी देवीला मानतो. त्या दुपारी मी हाक मारली आणि पाणी आले, हे मी कसे नाकारू? ते कसे आले यावर मी वाद घालणार नाही, तेवढी माझी अक्कल नाही. पण जोगाईला रूप घ्यायचीही गरज नव्हती, तिने सोमलीलाच धाडले, असे मला वाटते. आणि मी सोमलीला पुसून त्या जागी देवी काढली. आई त्यानंतर अकरा वर्षे जगली. ते प्रत्येक वर्ष मला मिळालेले दान आहे आणि त्यासाठी मी रोज हात जोडतो. फक्त एवढे कळले की आपली अब्रू देवीच्या पायाशी ठेवल्याशिवाय हात जोडण्याला अर्थ नाही. कळले ते म्हातारपणी. आईला मी खरे सांगितले नाही. ती दर नवरात्रात देवीला खण पाठवायची. सोमलीला आम्ही चिंधीदेखील पाठवली नाही.

आई गेल्यावर काही वर्षांनी, घाटनांदूरला आगगाडी येऊ लागल्यानंतर, मी तिथल्या बाजारात गेलो होतो. सीताफळांचे दिवस होते. एका ओळीत बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या आणि त्यांत ती होती. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखले. तिनेही ओळखले.

“आरं, त्यो घाटातला न्हवं का तू? माय कशी हाय तुजी?”

“गेली.”

“गेली व्हय!” तिने कपाळाला हात लावला. “चांगली हुती बिचारी. लई तापलीती त्या दिशी.” मग पाटीतून एक मोठे, डोळे उघडलेले सीताफळ काढून माझ्या हातात ठेवले. “खा. आमी आता हिकडंच ऱ्हातो, टेशनापल्याड. घाट सुटला आमचा. का सुटला, कुनी सांगितलं न्हाई.”

मी पुढे वाकलो. सगळे तोंडात आले होते. तेवढ्यात मागून ओळखीचा एक व्यापारी ओरडला, “अहो शेठ, या इकडे! पुण्याचे पाहुणे आहेत, त्यांना तुमच्या देवीची गोष्ट ऐकायचीय!” सोमलीने विचारले, “कंची देवी?” मी ताठ झालो, तिला म्हणालो, “येतो,” आणि पाहुण्यांकडे गेलो. सीताफळ माझ्या हातात होते. पुढल्या बाजाराला गेलो तेव्हा ती नव्हती, त्याच्या पुढल्यालाही नव्हती. स्टेशनापलीकडे विचारले, तर रेल्वेचे काम संपून माणसे पांगली म्हणाले. तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितो. ती वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सोमलीबाई, तुमच्या पाण्यात काही नव्हते. गुंगीचे मी लिहिले, मनाने लिहिले. तुमचा झरा माझ्यामुळे गेला. माझी आई तुम्ही वाचवलीत, तुम्ही, दुसऱ्या कोणी नाही. माझे चुकले.