सूर्याचा सप्लाय

वडगाव रासाईला वीज आली तेव्हापासून आमच्याकडे येणारा वायरमन कुठल्याही वस्तूला आधी हाताच्या पालथ्या बाजूने शिवायचा. चहाचा कप, दाराची कडी, अगदी माझ्या शाळेची घंटासुद्धा. "तळहातानं धरलं की बोटं मिटत्यात, गुरुजी, आन् माणूस चिकटतो," म्हणायचा. कामाला हात घालण्याआधी "सप्लाय बंद केला का?" हे तीनदा विचारायचा.

एकदा ऑफिसाने त्याच्याबरोबर सूर्यचूल पाठवली. काचेच्या झाकणाची काळी पेटी. वीज ऑफिसात नाव नोंदवलं तर निम्मी किंमत सरकार भरणार होतं. शाळेच्या अंगणात बायका जमल्या. त्याने डाळीचा डबा पेटीत ठेवला आणि लग्नघरातल्या मामासारखा दोन तास तिच्याभोवती घिरट्या घालत राहिला. डाळ कच्ची राहिली असती तर गावाने त्याला वर्षभर सोडलं नसतं.

उघडायची वेळ झाली. त्याने माझी छत्री पेटीवर धरली, "सप्लाय बंद" असं जाहीर केलं आणि मी पाहिल्यापासून पहिल्यांदाच एखादी वस्तू, आतला डबा, थेट मुठीत पकडली. पुढच्या क्षणी तो अंगणभर नाचत होता. डबा मात्र त्याने ओट्यावर नीट टेकवल्यावरच सोडला. डाळ लोण्यासारखी शिजली होती.

"सप्लाय बंद केला तरी करंट हाय, आत्या," बोटांवर फुंकर घालत तो शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला हसत म्हणाला.

"मग माझं नाव पयलं लिवा," आत्या म्हणाली. "तुमच्या तारंत सप्लाय चालू असूनबी करंट नसतो."