वाघदेवाच्या वळणावरचे चाळीस सेकंद

तोरणमाळच्या घाटात जालमसिंगला हरवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, म्हणून मी शर्यतीचा रस्ताच बदलला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मी नवल पाटील, शहाद्याकडच्या एका शाळेचा निवृत्त खेळशिक्षक. एकतीस वर्षं शिट्टी फुंकली, पोरांच्या पोटऱ्यांवर छड्या हाणल्या आणि खेळात जातपात नसते असं रोज प्रार्थनेनंतर बजावलं. नसते म्हणे, डोंबलाची.

परवा राणीपूरहून जीपने वर निघालो होतो. पंधरा वर्षांपूर्वी मी भरवलेली घाटाची शर्यत पुन्हा सुरू होत होती आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. बारा माणसांच्या जीपमध्ये अठरा माणसं, माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबड्यांची टोपली. टपावर गठुडी बांधणारा माणूस खिडकीसमोर पाय सोडून खाली वाकला आणि म्हणाला, "सर, पुढे बसा. मागे हाडं मोडतील." मी चेहऱ्याआधी त्याचे पाय ओळखले. रुंद, भेगाळलेले, अनवाणी. जालमसिंग पावरा.

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वरच्या एका पाड्यातून सीताफळांची टोपली डोक्यावर घेऊन तो बाजाराच्या दिवशी राणीपूरला पळत यायचा आणि टोपली रिकामी करून पुन्हा पळत वर जायचा. जीपवाले त्याच्याशी पैजा लावायचे आणि हरायचे. मी त्याला शाळेत आणलं, वसतिगृहात ठेवलं, माझ्या जुन्या चड्ड्या दिल्या. नंदुरबार, धुळे, जळगाव, जिथे जिथे मैदान असेल तिथे एसटीने घेऊन गेलो. खिडकीशी बसून तो सारखा बाहेर बघायचा आणि म्हणायचा, "सर, इथे डोंगर का नाही?" मला त्याचा फार लळा लागला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं मी लळा असतानाच केलं.

त्या वर्षी ठरलं की घाटाच्या शर्यतीत जो पहिला येईल त्याचं एकच नाव नाशिकच्या शिबिराला जाईल. तिथे राहणं, खाणं, शिक्षण, आणि पुढे पोलिसात खेळाडूंच्या जागेवर भरती. जालमसिंगने नाशिकला जाण्यासाठी बांबूच्या पेटीला नवं कुलूप लावून ठेवलं होतं. त्याचं बाकी सामान म्हणजे दोन चड्ड्या.

दुसरा दावेदार माझा पुतण्या नवनीत. आई गेल्यावर मला निर्मला वहिनीने वाढवलं, आणि नवनीत तिचा एकुलता एक. शर्यतीच्या आठवडाभर आधी तिने ताटात भाकर वाढता वाढता सांगितलं, "नवल, मन्हा पोऱ्यानं नाव नही लागनं ते ह्या घरनी पायरी चढू नको." ती चेष्टा करत नव्हती. मी मान खाली घालून भाकर संपवली.

नवनीत चांगलाच पळायचा. पण आठ किलोमीटर चढून वर पोचेपर्यंत जालमसिंग त्याच्या पुढे अर्धं मिनिट असायचाच. मला ते अर्धं मिनिट हवं होतं.

डांबरी रस्ता झाला त्याआधी वर जायला एक पायवाट होती. तोरणमाळच्या किल्ल्यावर राजे होते तेव्हापासूनची. त्याच वाटेने मीठ वर जायचं, मध आणि चारोळी खाली यायची. वाटेत चौथ्या वळणावर वाघदेव बसलाय, शेंदूर फासलेली लाकडी फळी. शेजारी अंजनाचं झाड. तिथून जाणाऱ्या डोंगरातल्या माणसाने झाडाची हिरवी डहाळी तिथल्या तिथे तोडायची, देवापुढे ठेवायची, कपाळ जमिनीला टेकवायचं आणि मग पुढे जायचं. आधीच तोडून आणलेली चालत नाही. वाघ कधीचे संपले, पण हे कुणी चुकवत नाही. जालमसिंगबरोबर मी त्या वाटेने कितीदा तरी चढलो होतो. एकदा सहज घड्याळ लावून पाहिलं होतं. वीस सेकंद.

वीस पुरत नव्हते. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी पायवाटेवर चुना मारायला मी एकटाच गेलो आणि अंजनाच्या खालच्या सगळ्या फांद्या कोयत्याने उतरवल्या. पळणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत जाऊ नयेत, असं समितीला सांगितलं. रस्त्यावर जीपगाड्यांची वर्दळ असते म्हणून मधला टप्पा पायवाटेने, असंही सांगितलं. सगळ्यांना पटलं. वहिनी तर चिडली, म्हणाली, "पायवाटवर ते तो पावरा माकडगत चढस. तू त्याना फायदा करी ऱ्हायना का?" मी म्हटलं, वहिनी, बघत राहा.

दुसऱ्या दिवशी नोंदवही घेऊन मी स्वतः वाघदेवापाशी उभा राहिलो. जालमसिंग पहिला आला, नवनीत मागे दिसतही नव्हता. त्याने सवयीने हात वर केला आणि तो हवेतच राहिला. त्याने झाडाकडे पाहिलं, ताज्या कापांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, थांबू का?"

एक शब्द पुरला असता. पळ म्हटलं असतं तर तो पळाला असता, माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. मी वहीत बघत म्हणालो, "देव तुझा आहे. मला काय विचारतोस?"

तो खोडाला मिठी मारून वर चढला. साल निसटली, घसरला, छाती खरचटली, पुन्हा चढला. डहाळी तोडली, खाली उडी मारली, फळीपुढे ठेवून कपाळ टेकवलं. चाळीस सेकंद. तेवढ्यात नवनीत वाघदेवाकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. मागून आलेली डोंगरातली पोरंही त्याच झाडाखाली अडकली. जालमसिंग जिवाच्या आकांताने पळाला आणि सहा पावलांनी हरला. झाडाची गोष्ट वरपर्यंत पोचली होती; बक्षिसांच्या वेळी तळ्याकाठच्या मांडवातून कुणीतरी माइकवर म्हणालं, "पावराभाऊ झाडावर काय मध काढायला गेले होते काय?" लोक पोट धरून हसले. मीही हसलो. त्याच्या शिबिराच्या अर्जावर मी शेरा लिहिला: पाय चांगले, पण चिकाटी कमी.

नवनीत नाशिकला तीन आठवडे टिकला. जेवण आवडत नाही म्हणून परत आला, आता शहाद्यात ठिबकच्या नळ्या विकतो. वहिनी मागच्या वर्षी गेली. त्या घराच्या पायरीवर मला कुणी कधी अडवलं नाही. जालमसिंग शाळा सोडून गेला आणि जीपच्या टपावर चढला.

परवाच्या शर्यतीलाही माझाच जुना नकाशा वापरला होता. मी म्हटलं, मी वाघदेवापाशी उभा राहतो. जालमसिंगही आला. त्याची रिना पळत होती, चौदा वर्षांची, बापाचेच पाय. सांगून टाकावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. तेवढ्यात ती वळणावरून आली, सगळ्यांच्या पुढे, आणि थांबली नाही. फळीकडे तिने पाहिलंही नाही.

"तिला शिकवलंय मी," जालमसिंग म्हणाला. "रोज इथून पळवतो. पहिले पहिले थांबायची. मग मी छडी घेतली. तुमच्यासारखी."

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सर, कोयत्याचा काप आणि वाऱ्याने मोडलेली फांदी मला वेगळी कळणार नाही का?"

तो खोडावर चढला. दोन डहाळ्या घेऊन खाली आला आणि त्या फळीपुढे ठेवल्या. म्हणाला, एक माझी, एक रिनाची, लेकराची बापाने तोडलेली चालते. मी हात पुढे केला आणि एखादी मलाही काढून दे म्हटलं.

"दुसऱ्याने तोडलेली चालत नाही, सर. तुमची तुम्ही तोडा."

तो पोरीच्या मागे वर निघून गेला. मी चौसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अंजनाला खालून कोंब फुटतात, पण शेळ्या ते राहू देत नाहीत. टाचा उंचावून मी बराच वेळ हात वर करत राहिलो. सगळ्यात खालची फांदी हातभर वर होती.